बंगल्यांची गल्ली: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

मराठवाड्यातल्या शहरांत गावठाण आणि कोटाबाहेर वसलेल्या पहिल्या वसाहतींतले बंगले आता दुरुस्तीला, विक्रीला किंवा पाडायला आले आहेत. त्यांच्याविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरं वास्तुरचना आणि जुन्या बांधकामाच्या दुरुस्तीतल्या जाणकारांची आहेत.

प्रश्न : आमच्या गल्लीत १९५० ते १९६५ च्या दरम्यानचे चौदा बंगले होते. दोन पाडून तिथे इमारती झाल्या. आणखी तिघांकडे बिल्डरची माणसं येऊन गेली. आम्ही काही जण 'हा वारसा आहे' म्हणतो, तर बाकीचे हसतात. म्हणे शंभर वर्षं तरी झालीत का, आणि हा काय बिबी का मकबरा आहे का? आम्ही काय करावं?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

शंभर वर्षांची अट केंद्राच्या १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यातली आहे. मकबरा त्या कायद्याखाली येतो. शहरातल्या वारसा वास्तूंची यादी होते ती महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ खाली. १९९४ मध्ये त्या कायद्यात 'वारसा इमारत' आणि 'वारसा परिसर' या दोन व्याख्या घातल्या गेल्या. त्यांत वास्तुशास्त्रीय, सौंदर्याचं, ऐतिहासिक आणि सांस्कृतिक मूल्य पाहायला सांगितलंय, वयाची अट घातलेली नाही. त्यामुळे हसणाऱ्यांना हसू द्या, पण तुमच्या बाजूलाही एक दुरुस्ती हवी. एकेका बंगल्याचं कौतुक करत बसलात तर हरण्याचीच शक्यता जास्त. तुमच्याकडे आहे ती ओळ, आणि मांडायची तीच.

या ओळीत काय आहे ते पाहा. कोटातला वाडा आत तोंड करून बसलेला असे. मध्ये चौक, भोवती खोल्या आणि रस्त्याकडे जवळजवळ बंद भिंत. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद मीटरगेज झाली, स्टेशनच्या बाजूला वस्ती सरकली आणि घर उलटं झालं. तोंड रस्त्याकडे, पुढे पोर्च, मग व्हरांडा, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी, चारी बाजूंनी मोकळी जागा. १९४८ ला निजामी राजवट गेली, १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ आलं, १९६० ला राज्य झालं. या बारा वर्षांत वकील, डॉक्टर, प्राध्यापक, सरकारी अधिकारी कोटाबाहेर प्लॉट घेऊन राहायला लागले. मराठवाड्यातला शिकलेला मध्यमवर्ग पहिल्यांदा स्वतःच्या कंपाउंडात राहायला गेला तो या गल्ल्यांत. हा इतिहास सांगणारी दुसरी इमारत शहरात नाही.

आता काम. दोघांनी तीस मीटरची टेप घेऊन गल्ली मोजा. प्रत्येक घराची सहा मापं घ्या: रस्त्याची रुंदी, कंपाउंड भिंतीची उंची, कंपाउंडपासून पोर्चपर्यंतचं अंतर, दोन्ही बाजूंची मोकळी जागा, जोत्याची उंची आणि पोर्चच्या स्लॅबची उंची. ही मापं एका तक्त्यात ओळीनं लिहिली की गल्लीची शिस्त डोळ्यांना दिसायला लागते. पोर्चचे स्लॅब वितीच्या फरकानं एका रेषेत येतात, कंपाउंड कमरेएवढंच, आतली बाग रस्त्यावरून दिसणारी. मग १:२०० प्रमाणात दोन्ही बाजूंच्या दर्शनी भागांची सलग पट्टी काढा. वास्तुरचनेच्या कॉलेजातली मुलं हे काम आनंदानं करतात. फोटो घराच्या बरोबर समोरून, सरळ उभं राहून काढा. पूर्वाभिमुख घरांचे सकाळी, पश्चिमाभिमुख घरांचे दुपारी चारनंतर.

त्या पट्टीवर तीन रंग द्या: मूळ स्थितीतलं घर, बदललेलं पण परत आणता येईल असं, आणि गेलेलं. व्हरांड्याला ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या असतील तर ते दुसऱ्या रंगात जातं, कारण त्या चार स्क्रू काढले की निघतात. पोर्च पाडून दुकानाचं शटर काढलं असेल तर तिसऱ्यात. तिसऱ्या रंगाची घरं मध्येमध्ये विखुरलेली असली तर 'परिसर' म्हणून मागणी लंगडी पडते. सलग पाच-सहा घरं पहिल्या-दुसऱ्या रंगात असली तर ती जोरदार ठरते. आमच्या मते कोपऱ्यावरची दोन घरं सर्वांत महत्त्वाची. गल्लीत शिरताना पहिली नजर त्यांच्यावर पडते आणि बिल्डरचीही तीच पहिली पसंती असते, कारण तिथे दोन बाजूंना रस्ता मिळतो.

हे सगळं घेऊन मनपाच्या नगररचना विभागाकडे 'परिसर' म्हणून समावेशाची मागणी करा. सोबत घरमालकांच्या सह्या द्या. नावं यादीत घालण्याआधी जाहीर सूचना निघते, हरकती-सूचना मागवल्या जातात, सुनावणी होते. त्या वेळी निम्मे मालकच विरोधात उभे राहिले तर फाइल तिथेच बसते. म्हणून आधी त्यांना श्रेणी समजावून सांगा. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तू येतात, तिथे हात लावणं अवघड. दुसरीत प्रादेशिक आणि स्थानिक महत्त्वाच्या. तिसरी श्रेणी असते रस्त्याचं, वसाहतीचं रूप घडवणाऱ्या घरांची, आणि कॉलनीतले बंगले बहुधा तिथेच बसतात. तिसऱ्या श्रेणीत आतले बदल करता येतात, वाढीव बांधकामही परिसराशी जुळवून करता येतं. 'खिळा ठोकायलाही परवानगी लागेल' ही भीती खोटी आहे, पण ती पसरवणारा तुमच्याआधी घरोघर जाऊन आलेला असतो, हे लक्षात ठेवा.

प्रश्न : आमच्या घराच्या कौलावर '१८६५' असं कोरलेलं आहे. घर दीडशे वर्षांहून जुनं आहे असं आम्ही सगळ्यांना सांगतो. याचा दाखला कुठे मिळेल? जुनी कागदपत्रं उर्दूत आहेत.
— एक वाचक, जालना

सांगणं थोडं थांबवा. १८६५ हे मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना सुरू झाल्याचं वर्ष आहे. ते पुढची कित्येक दशकं साच्यात तसंच राहिलं. पहिल्या महायुद्धानंतर तो कारखाना कॉमनवेल्थ कंपनीकडे गेला, त्या नावाच्या कौलांवरही १८६५ सापडतं. म्हणजे कौलावर 'कॉमनवेल्थ' असेल तर ते कौल महायुद्धानंतरचं. शिवाय कौलं बदलली जातात, त्यामुळे घराचं वय त्यांच्यावरून ठरवायचं नसतं.

त्याहून खात्रीचे पुरावे घरातच असतात. गर्डरच्या उभ्या पत्र्यावर कारखान्याचं नाव उठावानं आलेलं असतं. रंगाचे थर हळूच खरवडले की दिसतं. इंग्लंडच्या डॉर्मन लाँगचे गर्डर जुन्या बांधकामांत बरेच मिळतात. 'टाटा' असेल तर घर १९१२ नंतरचं, कारण जमशेदपूरला पोलाद निघायला लागलं तेव्हापासून. भिंत चुन्यात आणि पोर्चचा स्लॅब सिमेंटचा असेल तर दोघांमधला सांधा तपासा. पोर्च मागून जोडलेला असला तर तिथे सरळ उभी फट असते आणि दोन्ही गिलावे वेगवेगळे दिसतात.

उर्दू कागदात साल फसली असतं. निजामी फसली वर्ष आजूर महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायचं. आजूर, दै, बहमन या पहिल्या तीन महिन्यांतली तारीख असेल तर फसली सालात ५९० मिळवा, पुढच्या महिन्यांसाठी ५९१. बैनामा (खरेदीखत) १३४० फसलीच्या मेहर महिन्यातला असेल तर तो १९३१ चा. रकमा हाली सिक्क्यात, म्हणजे निजामी चलनात असतात. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार (ब्रिटिश) रुपये, हे धरूनच खर्चाचे आकडे वाचा. कागद घसरत्या वळणाच्या शिकस्त लिपीत असेल तर नुसतं उर्दू येणारा अडतो. जुने महसुली कागद वाचणारा माणूस शोधा, त्याच्याकडून मजकूर देवनागरीत उतरवून घ्या आणि मूळ कागदाला लॅमिनेशन अजिबात करू नका. उष्णतेनं आणि गोंदानं तो कायमचा बिघडतो.

नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक जरूर घ्या, फक्त त्यावरची तारीख मोजणीची असते, बांधकामाची नव्हे. नगरपालिकेच्या घरपट्टीच्या जुन्या नोंदवहीत घर पहिल्यांदा कधी आलं, हे जास्त उपयोगाचं.

प्रश्न : वडिलोपार्जित बंगल्याचं छत लोखंडी गर्डर आणि विटांच्या चपट्या कमानींचं आहे. दर पावसाळ्यात गर्डरच्या रेघेत पाणी ठिबकतं आणि खालून गिलाव्याचे पापुद्रे पडतात. कंत्राटदार वर चार इंच काँक्रीट टाकून 'कायमचा बंदोबस्त' करतो म्हणतो. खोली १२ × १५ फुटांची आहे.
— एक वाचक, परभणी

टाकू देऊ नका. हिशेब करू. चार इंच म्हणजे दहा सेंटीमीटर. काँक्रीट घनमीटरला सुमारे २४०० किलो, म्हणजे चौरस मीटरला २४० किलो. तुमची खोली १६.७ चौरस मीटर. नुसत्या या थरानं छतावर चार टन वाढतात, आणि तेही गंजलेल्या गर्डरवर. वर पाणी आत जायचं थांबलं तरी भिंतीतून चढणारी ओल आणि घरातली वाफ या थराखाली कोंडते. मग गंज आतून वाढत राहतो, फक्त दिसेनासा होतो.

गर्डरच्या रेघेत भेग पडते ती गंजामुळे. लोखंड गंजलं की त्याला जागा जास्त लागते, ते खालचा गिलावा ढकलून पाडतं. ही भेग गर्डरला धरून सरळ जाते. दुसऱ्या प्रकारची भेग मात्र दोन गर्डरांच्या मधोमध, कमानीच्या माथ्यावर लांबवर पडते. ती दिसली तर बाहेरची भिंत बाहेर सरकते आहे का ते ओळंबा लावून पाहा. कमानी शेवटच्या गाळ्यात बाहेरच्या भिंतीला ढकलत असतात, आणि ती ढकल धरून ठेवायला तिथे भिंत आणि गर्डर यांच्यात लोखंडी ताणसळया असतात. पीओपीचं फॉल्स सीलिंग करताना 'आड येते' म्हणून ती सळई कापलेली कित्येक घरांत सापडते. तुमच्याकडे असं झालं असेल तर पहिलं काम ती सळई परत बसवण्याचं.

त्याऐवजी छतावरचा कोबा, म्हणजे चुना आणि विटांच्या तुकड्यांचा थर, दुरुस्त करा. काम फेब्रुवारीत काढा, म्हणजे मे संपायच्या आत तो मुरतो. आधी गर्डरची तपासणी. मधला भाग बहुतेक वेळा ठीक असतो, गर्डर जिथे भिंतीत शिरतो ते टोक सर्वांत जास्त खाल्लेलं असतं. तिथला गिलावा हातानं उकरा, खालच्या पट्टीची जाडी कॅलिपरनं तीन ठिकाणी मोजा आणि मधल्या चांगल्या भागाशी ताडून पाहा. फरक लक्षणीय असेल तर आधी टेकू, मग स्ट्रक्चरल इंजिनिअर, आणि वरच्या कामाला त्यानंतरच सुरुवात. टोक धड असेल तर तारेच्या ब्रशनं सुटा गंज काढायचा, झिंक फॉस्फेट प्रायमरचे दोन हात द्यायचे आणि खालची पट्टी उघडी ठेवून रंगवायची. सिमेंटनं झाकली की पुढचा गंज कळत नाही.

वरचे डांबराचे, सिमेंटचे, चायना मोझेकचे थर छिन्नी-हातोडीनं काढा. ब्रेकर मशीन लावलं की त्याच्या धक्क्यानं कमानीच्या विटा सैल होतात. मूळचा चुन्याचा कोबा लागला की थांबा, ठोकून पाहा. घट्ट आवाज आला तर तो ठेवा, पोकळ आला तेवढाच भाग काढा.

नवा कोबा असा: भाजक्या विटांचे २० ते २५ मिलिमीटरचे तुकडे अडीच भाग आणि चुन्याचा माल एक भाग. तुकडे आदल्या रात्री पाण्यात भिजत ठेवा, नाहीतर ते चुन्यातलं पाणी ओढून घेतात आणि माल भुसभुशीत होतो. जाडी सरासरी दहा सेंटीमीटर, कुठेही साडेसातच्या खाली नको. उतार साठाला एक, म्हणजे पन्हळीकडे दर पाच फुटांना एक इंच. हा कोबाही वजनदारच असतो. म्हणून जुना काढला तेवढाच नवा घालायचा, जुन्यावर दुसरा चढवायचा नाही.

कोब्याचं यश पिटाईत असतं. लाकडी थापीनं किमान सात दिवस पिटायचा, आणि पिटताना वर हिरड्या-गुळाचं पाणी शिंपडत राहायचं. दहा चौरस मीटरला ६०० ग्रॅम हिरडा फोडून, २०० ग्रॅम गूळ घालून ४० लिटर पाण्यात बारा ते चोवीस तास भिजवा आणि वरचं निथळ पाणी वापरा. तुमच्या खोलीला एक किलो हिरडा आणि तीन-साडेतीनशे ग्रॅम गूळ पुरतो. थापी मारल्यावर ठसा उमटेनासा झाला आणि ती उसळून परत यायला लागली की पिटाई झाली. नंतर दहा दिवस ओलं गोणपाट. कठड्याच्या मुळाशी भिंत आणि कोबा यांच्यात काटकोन ठेवू नका. गोल उतरती कड करा, गळती बहुतेक तिथूनच सुरू होते.

बिघडतं कुठे? मजूर चौरस फुटाच्या दरानं घेतले की तिसऱ्या दिवशी पिटाई थांबते आणि चौथ्या महिन्यात केसासारख्या भेगा दिसतात. या कामाला रोजंदारीच लावा. दुसरं, छतावर हजार लिटरची टाकी ठेवाल तर ती भरल्यावर टनाच्या वर जाते. ती खोलीच्या मधोमध ठेवू नका. दोन भिंतींवर टेकणारे स्वतंत्र गर्डर टाकून त्यावर ठेवा, आणि टाकीचा ओव्हरफ्लो कोब्यावर नको, सरळ खाली आणा.

प्रश्न : भिंतीला खालून तीन फुटांपर्यंत खार फुटतो. दोनदा सिमेंटचा गिलावा केला, वर वॉटरप्रूफ रंग दिला. वर्षभरात पोपडे पडतात आणि ओल आता चार फुटांवर गेली.
— एक वाचक, नांदेड

ओल वर चढली ती सिमेंटमुळे. जमिनीतलं पाणी भिंतीतून वर येतं आणि गिलाव्यातून उडून जातं. तुम्ही खालचे तीन फूट बंद केले, ते चौथ्या फुटावरून उडायला लागलं. सोबत आलेला क्षार तिथे साचतो आणि सुकताना गिलावा फोडतो.

सिमेंटचा गिलावा ओलीच्या रेषेच्या एक मीटर वरपर्यंत काढा. दरजा अर्धा-पाऊण इंच खोल कोरून, भिंत कोरड्या ब्रशनं झाडून दोन महिने उघडी ठेवा. फुटलेला क्षार झाडूनच काढायचा. पाण्यानं धुतला की परत आत जातो. याच दोन महिन्यांत बाहेर लक्ष द्या. वर्षानुवर्षं भर टाकून अंगण जोत्याच्या वर आलेलं असतं. ते खाली घ्या, फरशीचा उतार भिंतीपासून बाहेर करा, न्हाणीचं आणि कुंड्यांचं पाणी लांब न्या. बऱ्याच घरांत एवढ्यानंच निम्मी ओल उतरते.

मग चुन्याचा गिलावा: कळीचा चुना भिजवून किमान दोन आठवडे पाण्याखाली ठेवलेला एक भाग, सुरखी (भाजक्या विटांची भुकटी) एक भाग, चाळलेली नदीची वाळू दोन भाग. पहिला हात दहा-बारा मिलिमीटरचा, आठवड्यानं दुसरा पाच-सहाचा. कळी भिजवताना ती उकळते आणि उडते, डोळ्यांना चष्मा हवाच. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिलच्या बेचाळीस अंशांत चुना धरण्याआधीच वाळतो आणि हाताला पांढरी पूड लागते. वरून चुन्याचीच सफेदी द्या. ऑइल पेंट किंवा प्लास्टिक इमल्शन दिलंत तर केलेलं सगळं वाया जाईल.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा गेल्या असतील तर ते प्रकरण बहुधा काळ्या मातीचं आहे. उन्हाळ्यात माती आकसते, पावसात फुगते आणि भेग मे महिन्यात रुंद, ऑगस्टमध्ये अरुंद होते. भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवून तारीख लिहा. वर्षभर उघडझाप झाली तर ती माती, एकाच दिशेनं वाढत गेली तर पाया. पहिल्यात जोत्याभोवती मीटरभर रुंद फरशी करून मातीतली ओल सारखी ठेवणं बरंच काम करतं. दुसऱ्यात इंजिनिअर बोलवा.

प्रश्न : शहाबादी फरशी आणि एका खोलीत नक्षीच्या सिमेंट टाइल्स आहेत. सगळ्यावर नवी व्हिट्रिफाइड टाइल घालावी का?
— एक वाचक, बीड

नको. वर टाइल घातली की दारं घासतात, उंबरे बुडतात आणि जोत्याचं प्रमाण जातं. शहाबादी ही चुनखडीच आहे, त्यामुळे ॲसिड आणि संडास साफ करायचं द्रावण तिला जाळतं. साधा साबण पुरतो. नक्षीच्या टाइलचा रंगीत थर वरच्या काही मिलिमीटरचाच असतो, मशीननं खोल घासलं की नक्षी निघून जाते. एखादी टाइल फुटली असेल तर कपाटाखालची, कोपऱ्यातली काढून पुढे आणा आणि त्या जागी साधी बसवा.

प्रश्न : १९९३ नंतर दगडी घर म्हटलं की धडकी भरते. आमचा बंगला दगडी आहे. इंजिनिअर म्हणतात पाडा. स्टेशनकडच्या वसाहतीत असे आणखी सात-आठ आहेत.
— एक वाचक, लातूर

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि आसपासच्या गावांत जी घरं बसली त्यांतली बहुतांश मातीत रचलेल्या, गोल अनघड दगडांच्या जाड भिंतींची आणि वर मातीच्या माळवदाची होती. भिंतीचे आतले-बाहेरचे दोन पदर वेगळे, मध्ये खडी-मातीची भर आणि दोघांना बांधणारा आरपार दगड नाही. हादरा बसला की पदर फुगून वेगळे झाले आणि माळवदाचं वजन खाली आलं. तुमची भिंत तशी आहे का, हे पाडण्याआधी पाहायला हवं. घडीव दगड, चुन्याच्या दरजा आणि हलकं कौलारू छत असेल तर प्रश्न खूपच वेगळा आहे.

दाराच्या चौकटीशेजारी फूटभर गिलावा काढा, एक दगड सैल करून आत पाहा. दरजेत खिळा सहज घुसला आणि माती बाहेर आली तर भिंत मातीतली. हातोडीनं भिंत वाजवत जा. पोकळ आवाज येतो तिथे पदर सुटलेत. फुगवटा ओळंब्यानं मोजा.

पदर वेगळे असले तरी उपाय आहे, आणि भूकंपानंतर मराठवाड्यातल्या गवंड्यांना तो शिकवलाही गेला. भिंतीवर आडवं-उभं दर मीटरला एक खूण करा. एका ओळीतल्या खुणा वरच्या ओळीच्या मधोमध याव्यात म्हणून अर्धा मीटर सरकवा. खुणेवरच्या दगडाभोवतीचा माल हळूहळू कोरा, छोट्या पहारीनं दगड डावा-उजवा हलवून दोन्ही हातांनी ओढून काढा. घण घालायचा नाही, शेजारचे दगड हलतात. आतली भर थोडीथोडी काढत साधारण ७५ मिलिमीटरचं भोक करा, आतून ठोकून पलीकडचा दगड कुठला ते ओळखा आणि तोही तसाच काढा. भोक दोन्ही तोंडांना रुंद, मध्ये अरुंद होतं, ते तसंच हवं. १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटनं निम्मं भरा, दोन्ही टोकांना आकडे असलेली ८ मिलिमीटरची सळई ठेवा, उरलेलं भरून दहा दिवस पाणी मारा. एका दिवशी शेजारशेजारची दोन भोकं उघडू नका.

याच्या जोडीला छताच्या पातळीवर चारी भिंतींना बांधणारा पट्टा लागतो, आणि त्याची रचना इंजिनिअरनंच करायची. जुन्या दगडी भिंतीला हात लावलेला इंजिनिअर निवडा. फक्त आरसीसीचे सांगाडे करणारा 'पाडा' म्हणणारच, त्याला दुसरं येत नाही.

प्रश्न : मुलाचं लग्न झालं, दोन खोल्या वाढवायच्या आहेत. गल्लीचं रूप बिघडू नये अशी इच्छा आहे.
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

मागे बांधा. जुन्या बंगल्यांच्या प्लॉटवर मागची जागा बहुधा न्हाणी, जळणाची खोली आणि नोकराच्या खोलीत अडकलेली असते, तिथे दोन खोल्या सहज निघतात. नवं बांधकाम जुन्या भिंतीवर टेकवू नका. स्वतंत्र पायावर घ्या, मध्ये दोन-तीन सेंटीमीटरची फट ठेवून वरून पत्र्यानं झाका. नवा पाया आणि जुना पाया काळ्या मातीत वेगवेगळे बसतात आणि एकजीव केलेला सांधा फाटतोच. वरचा मजला चढवायचाच असेल तर तो पोर्चच्या मागे, खोलीभर आत घ्या, म्हणजे रस्त्यावरून जुनी रेषा तशीच दिसते. जुन्या कमानीच्या छतावर मात्र मजला चढत नाही.

कंपाउंड उंच करू नका. सुरक्षेसाठी कमरेच्या भिंतीवर लोखंडी गज चालतात. आठ फुटांची भिंत उभी राहिली की गल्लीतून ते घर गेल्यात जमा, मग आतला बंगला कितीही जपलेला असो. गाडीसाठी फाटक रुंद करायचं असेल तर जुना खांब तोडण्याऐवजी बाजूला सरकवून परत रचा, चुन्यातला दगड सुटा होतो. रस्ता रुंदीकरणाची आखणी तुमच्या कंपाउंडावर आहे का, हे विकास आराखड्याच्या भाग नकाशावर आधीच पाहा. सगळं करून बसल्यावर कळणं महागात पडतं.

प्रश्न : सागवानी दारं-खिडक्या विकत घ्यायला व्यापारी येतात. नव्या दारांपेक्षा जास्त पैसे देतात. द्यावीत का?
— एक वाचक, धाराशिव

तो जास्त देतो यावरूनच किंमत कळते. विकू नका. चौकटीचा जमिनीलगतचा वीतभर भाग तेवढा वाळवीनं किंवा ओलीनं गेलेला असतो. तो कापून त्याच जाडीचा जुना सागवान तिरक्या सांध्यानं जोडता येतो, आणि चांगला सुतार दोन दिवसांत एक चौकट करतो. जुना रंग ब्लो-लँपनं जाळू नका. त्या काळच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं, धूर विषारी असतो. रंग काढायचं द्रावण लावून, मास्क आणि हातमोजे घालून खरवडा, आणि खरवड जमिनीवर प्लास्टिक अंथरून गोळा करा. दारावरचे व्हेंटिलेटर एसीसाठी प्लायवूडनं बंद केले असतील तर एसी नसलेल्या खोल्यांतले आधी उघडा. बारा-चौदा फुटांच्या छताखालची गरम हवा तिथूनच बाहेर जाते. बिजागरी पितळी असेल तर स्क्रूही पितळीच वापरा, लोखंडी स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजून लाकडाला काळा डाग पाडतो.